मोकळी जागा आणि मोकळे कुत्रे

मीरा रोडला इतिहास नाही, असा गिरगाव, दादर, पार्ले इथल्या लोकांचा एक जुना समज आहे. त्यांच्या मते इतिहास दहिसरच्या नाक्यावर संपतो. पुढे नुसता ट्रॅफिक. हा समज मी गेली पस्तीस वर्षं निमूटपणे सोसत आलो आहे. वास्तविक आमच्या हद्दीत घोडबंदर आहे. तिथे घोड्यांचा व्यापार चाले म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. आमच्या हद्दीत धारावीचा किल्ला आहे. ही धारावी म्हणजे ती धारावी नव्हे. ही उत्तनच्या अंगाची, डोंगरावरची. १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने ती घेतली. पुढे मिठागरं आली, आगगाडी आली, बिल्डर आले. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांच्या वर भरलो. जनगणनेत कुत्री मोजत नाहीत, हे त्या खात्याचं नशीब.

तर ज्या गावात घोड्यांना एके काळी बंदर मिळालं, त्याच गावात कुत्र्यांना तासाभरासाठी बाग मिळावी की मिळू नये, हा सध्या आमच्याकडचा ज्वलंत प्रश्न आहे. आमच्या आठ इमारतींच्या मधोमध एक बाग आहे. बिल्डरने नकाशात तिला ‘आर. जी.’ असं नाव देऊन हिरवा रंग दिला होता. प्रत्यक्षात दोन घसरगुंड्या, एक झोपाळा, सात बाकं, आणि सुरू होतो न होतो तोच संपणारा एक जॉगिंग ट्रॅक. रोज सकाळी सहा ते सात या वेळात कुत्र्यांच्या साखळ्या सोडून त्यांना इथे मोकळं धावू द्यावं, असा बावीस सह्यांचा अर्ज आला. पाठोपाठ, देऊ नये असा एकेचाळीस सह्यांचा अर्ज आला. आठ इमारतींतली सहा माणसं दोन्ही अर्जांवर होती. दारात आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं आपल्या रक्तातच नाही. दोन्ही अर्जांची सुरुवात मात्र एकाच वाक्याने होती : “अलीकडे ही समस्या फारच उग्र झाली आहे.”

माझी हरकत आहे ती ‘अलीकडे’ या शब्दाला. समस्या अलीकडची नव्हे. समस्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या वेळची आहे.

शाळेत आम्हाला इतिहासात पानिपत शिकवलं, प्लासी शिकवली, बॉस्टनच्या समुद्रात कुणी चहा ओतला तेही शिकवलं. पण आमच्या शाळेपासून चालत अर्ध्या तासावर कुत्र्यांपायी झालेली दंगल कुणी शिकवली नाही. साल १८३२, महिना जून. मुंबईत कंपनी सरकारचा अंमल. कंपनीला मराठ्यांची भीती उरलेली नव्हती, पण मोकाट कुत्र्यांची होती. आणि ती अगदीच खुळी नव्हती, ते पुढे सांगतो. १८१३ सालच्या एका नियमाने मोकाट कुत्री मारायला वर्षातले दोन हंगाम ठरवून दिले होते : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. म्हणजे एक महिना आंब्याचा आणि एक साधारण पितृपक्ष-नवरात्राचा. उरलेले दहा महिने कुत्र्याने निर्धास्त असावं. साहेबाचा हा गुण मान्य केला पाहिजे. मारायचं, तेसुद्धा कॅलेंडर लावून.

१८३२ साली मात्र पोलीस मॅजिस्ट्रेटच्या कचेरीने उन्हाळी हंगाम एक महिना वाढवून १५ जूनवर नेला. वर मारलेल्या दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं. सरकारी कामाला नगावर पैसे लावले की काय होतं, हे पंचवार्षिक योजना पाहिलेल्या वाचकांना सांगायला नको. मोकाट कुत्रा हा अंगाने सडपातळ आणि पायाने चपळ असतो. त्याला पोलिसाचा वास एक गल्ली आधी येतो. त्याउलट पाळलेला कुत्रा ओट्यावर पसरलेला असतो, नाव घेतलं की शेपूट हलवत जवळ येतो. आठ आणे दोघांचे सारखेच. मग कोणता कुत्रा जास्त मेला असेल, ते त्रैराशिक मांडून काढण्याची गरज नाही. शिपाई ओट्यावरून कुत्री ओढू लागले. घरात शिरूनही मारू लागले.

इथे कंपनीची गाठ पारशांशी पडली. पारशाच्या घरी कुत्रा म्हणजे नुसता राखणदार नव्हे. माणूस गेला की त्याच्या देहाला कुत्र्याची दृष्ट दाखवतात. त्या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी उत्तम. म्हणजे जो प्राणी तुम्हाला शेवटचा निरोप देणार, त्यालाच शिपाई सोट्याने निरोप देऊ लागले. त्यात ६ जून हा नेमका पारशांचा सणाचा दिवस. त्या दिवशी फोर्टात जमाव जमला आणि कुत्री मारणाऱ्या शिपायांना बडवून काढलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांना हिंदू आणि जैन येऊन मिळाले. साहेबांच्या गाड्यांवर चिखल आणि घाण उडू लागली. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडली. विचार करा, ज्या फौजेने टिपू बुडवला आणि पेशवाई बुडवली, ती फौज एका सकाळी शिध्याची वाट बघत बसली होती, आणि समोर शत्रू कोण? कुणी नाही. एक ओट्यावरचा कुत्रा.

मग व्हायचं ते झालं. दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, सैन्य रस्त्यावर आलं, पुढाऱ्यांची धरपकड झाली. पण नंतर जमशेटजी जीजीभॉयांसारखे वजनदार व्यापारी मध्ये पडले, सरकारकडे अर्ज गेला आणि तोड निघाली. कुत्री मारायची नाहीत. धरून शहराबाहेर नेऊन सोडायची.

मुंबईच्या इतिहासकारांसाठी हा विषय इथे संपतो. आम्हा मीरा रोडवाल्यांसाठी इथे सुरू होतो. शहराबाहेर! म्हणजे नेमकं कुठे? त्या कागदावर ‘बाहेर’ असं लिहिणाऱ्या कारकुनाला बाहेर काय आहे, कोण राहतं, त्यांना विचारलंय का, असले प्रश्न पडले नसणार. मुंबईला ‘बाहेर’ हा शब्द फार पूर्वीपासून फार आवडतो. नको ते बाहेर. आधी कुत्री, मग तबेले, मग गिरण्या, मग आम्ही. मीसुद्धा गिरगावातली दीड खोली विकून बाहेर नेऊन सोडलेलाच आहे. फरक एवढाच की मला आठ आणे देऊन कुणी धरलं नाही. मी स्वतः हप्ते भरून आलो.

या दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. ती अजून आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही पोरं तिथे गाई बघायला जात असू. गिरगावातल्या मुलाला एवढी जनावरं एकरकमी बघायला राणीच्या बागेखेरीज दुसरीकडे मिळत नसत आणि राणीच्या बागेला बसभाडं पडे.

पण माझ्या लहानपणी कुत्र्यांचा विषय निघाला की पांजरपोळ आठवत नसे. आठवायची म्युन्सिपाल्टीची गाडी. आजच्या पिढीला ही गाडी ठाऊक नाही आणि नाही तेच बरं. जाळीची गाडी, तिच्यातून येणारा तो आवाज आणि मागे लांब चिमटे घेतलेली माणसं. मुंबईत मोकाट कुत्री पकडून मारण्याचं काम महापालिका १९९४ पर्यंत करत होती. शेवटी शेवटी विजेच्या धक्क्याने. जमशेटजींच्या अर्जाचं आयुष्य एवढंच. नियम साधा होता : गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला पालिकेचा बिल्ला असेल तर तो कुत्रा माणसाचा. नसेल तर म्युन्सिपाल्टीचा.

आमच्या चाळीत मोती नावाचा एक कुत्रा होता. तो कुणाचा नव्हता. म्हणजे सगळ्या चाळीचा होता. सकाळी तळमजल्यावर चहात बुडवलेला पाव, दुपारी दुसऱ्या मजल्यावर मासळीचे काटे, एकादशीला मात्र त्याला उपास घडे. एके दिवशी गाडी आली तेव्हा मोती गल्लीच्या तोंडाशी उन्हात झोपलेला. पोरांनी हाकाटी केली, पण त्याची झोप चाळीतली होती, सहजासहजी मोडणारी नव्हे. चिमटेवाला चार पावलांवर आला. इतक्यात तळमजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. दोरीवर वाळत घातलेल्या परकराची नाडी त्यांनी खस्सकन ओढून काढली, मोतीच्या गळ्यात बांधली, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“आमचा आहे,” काकू म्हणाल्या.

“बिल्ला कुठाय?”

“बिल्ला धुवायला टाकलाय!”

चिमटेवाला हसला की चिडला ते आता आठवत नाही. पण तो गेला. पुढे कित्येक महिने मोती ती नाडी गळ्यात घालून हिंडत होता आणि काकांना धोतर परवडतं, परकर नाही, असं काकू चारचौघींत सांगत होत्या. सांगायचा मुद्दा, साखळी म्हटली की आज आपल्याला बंधन आठवतं. त्या काळात कुत्र्याच्या गळ्यातली दोरी हा त्याचा विमा होता. बांधलेला वाचायचा, मोकळा मरायचा.

विलायतेत हा विचार आणखी जुना. तिथे १७९६ सालीच कुत्र्यावर कर बसवला होता. आमच्या महानगरपालिकेला जो १९४९ चा कायदा लागू आहे, त्यात पालिकेला बसवता येणाऱ्या करांच्या यादीतही कुत्र्यांवरचा कर आहे. मला तर वाटतं, राज्य कुणाचंही असो, सरकारला कुत्रा दिसला की दोनच गोष्टी सुचतात : कर लावावा किंवा गाडी पाठवावी.

नाही म्हणायला तिसरी एक गोष्ट सुचली, आणि ती चांगली होती. २००१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम काढले. मोकाट कुत्रा धरायचा, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, खूण म्हणून कानाला एक खाच पाडायची आणि जिथून उचलला तिथेच परत नेऊन सोडायचा. तिथेच! दुसऱ्या वॉर्डात नव्हे, दुसऱ्या गल्लीतही नव्हे. वाचकहो, मला डोमिसाइल सर्टिफिकेट काढायला ठाण्याला चार खेपा पडल्या. कुत्र्याचं डोमिसाइल त्याच्या कानावरच असतं. शिवाय तारखा बघा. नियम डिसेंबर २००१ चे, आमची महानगरपालिका फेब्रुवारी २००२ ची. म्हणजे आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा रहिवासाचा हक्क महानगरपालिकेहून दोन महिन्यांनी जुना आहे. २०२३ साली नियम नव्याने आले, पण ‘जिथला तिथे’ हे तत्त्व तसंच राहिलं.

आता आमच्या बागेकडे वळू. दोन्ही अर्जांवर विचार करायला एका रविवारी सभा भरली. सभेचं पहिलं अर्ध तास देवादिकांत गेलं. एकाने दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात याकडे लक्ष वेधलं. दुसऱ्याने खंडोबा काढला. तिसऱ्याने युधिष्ठिर स्वर्गाच्या दारातून कुत्र्याला सोडून आत जायला तयार नव्हता, हे सांगितलं; त्यावर मागून कुणीतरी म्हणालं की, युधिष्ठिराच्या कुत्र्याला साखळी होती का ते आधी सांगा. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्टही निघाली. आमच्या सेक्रेटरीभाईंनी ती फार मन लावून ऐकली आणि विचारलं, “पण ते पोळी खाऊन झाल्यावर जे करेल, ते कोण उचलेल?” संतवाङ्मयात याचं उत्तर नाही.

अर्जाच्या बाजूचे मुख्य म्हणजे सी विंगमधले एक निवृत्त रेल्वेचे गृहस्थ. त्यांच्याकडे ऑस्कर नावाचा लॅब्रॅडोर आहे. पत्नी वारल्या, मुलगा परदेशी. हे गृहस्थ वर्षभर घराबाहेर पडत नव्हते. मग मुलाने हा कुत्रा घेऊन दिला आणि त्याला दिवसातून तीनदा बाहेर नेणं भाग पडू लागलं. आता त्यांना सगळा कॉम्प्लेक्स ओळखतो. म्हणजे ऑस्करला ओळखतो आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला ते असतात. त्यांचं म्हणणं एवढंच, “पाचशे ऐंशी फुटांत पस्तीस किलोचं जनावर राहतंय हो. त्याला दिवसातून एकदा तरी धावता आलं पाहिजे. मला आता त्याच्याबरोबर धावता येत नाही.” यातलं शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू उच्चारलं.

विरोधी बाजूला बी विंगमधल्या आजी. आजी सहसा सभेत बोलत नाहीत. भजनाची वेळ झाली की उठून जातात. त्या दिवशी उठल्या त्या बोलायलाच. त्यांच्या लहानपणी कोकणात त्यांच्या भावाला कुत्रा चावला. जखम एवढीशी. घरच्यांनी हळद लावली, कुणी मंत्र टाकला, तो खेळायलाही लागला. दीड महिन्याने ताप आला आणि तो पाण्याचं भांडं बघून किंचाळायला लागला. “नऊ वर्षांचा होता,” आजी म्हणाल्या. “आता तुम्ही मला सांगा, तुमचा कुत्रा गुणाचा आहे. असेल. आमच्याकडचाही गुणाचाच होता.” आणि बसल्या.

सभा गप्प झाली. म्हणून म्हटलं, कंपनीची भीती खुळी नव्हती. १८३२ साली पिसाळलेला कुत्रा चावला की उपाय नव्हता. पाश्चरची लस १८८५ ची. तीसुद्धा वेळेत घेतली तरच. एकदा लक्षणं दिसली की हा रोग आजही माणसाला जवळजवळ कधीच सोडत नाही. आमच्या पिढीला कुत्रा म्हटलं की ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ आठवतात. ती २००४ च्या अखेरीस आपल्या देशात बंद झाली. आता मोजकीच टोचणी, तीही दंडात. जखम मोठी असेल तर तिच्याभोवती आणखी एक औषध. पण त्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं धुवायची. हळद नाही, चुना नाही, मंत्र नाही. हे सभेत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि माझ्या मते त्या सभेत झालेलं ते एकमेव काम. त्यांनी आणखी विचारलं की, बागेतल्या कुत्र्यांचे लसीचे कागद किती जणांकडे आहेत? बावीस सह्यांपैकी नऊ हात वर आले.

माझी भाची न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये राहते. मी तिला फोनवर सगळं महाभारत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मामा, हे इथे सगळं होऊन गेलंय.” तिच्या घराजवळ प्रॉस्पेक्ट पार्क म्हणून मोठी बाग आहे. तिथे ठरलेल्या मैदानांत रात्री नऊनंतर बाग बंद होईपर्यंत आणि सकाळी बाग उघडल्यापासून नऊपर्यंत कुत्री मोकळी सोडता येतात. कित्येक वर्षं ही पद्धत नुसती तोंडी चालत आली. कायद्यात साखळी सक्तीची आणि बागेत सगळे मोकळे. मग तक्रारी झाल्या, वाद कोर्टात गेला आणि २००७ साली तोंडी होतं ते नियमात आलं. लायसन्स पाहिजे, लसीचा दाखला पाहिजे. त्याही आधी, १९७९ साली, कॅलिफोर्नियात बर्कली इथे खास कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली बाग झाली. जिथे ती झाली, त्या पट्ट्याखालून भुयारी रेल्वे जाते. म्हणजे रेल्वेने वर उरलेली जागा. आमच्याकडे रेल्वेने वर काय, खाली काय, कुठेच जागा उरू दिलेली नाही.

मी भाचीला म्हटलं, “अगं, तुमची ती बाग पाचशे एकरांची. आमची आर. जी. म्हणजे दोन घसरगुंड्या.”

“म्हणून तर वेळ वाटून घ्या,” ती म्हणाली. “जागा वाटता येत नाही तर वेळ तरी वाटता येते ना? गिरगावात नळाचं काय करत होता?”

ही मुलगी आमच्या बहिणीवर गेली आहे. चाळीत एक नळ, अठरा बिऱ्हाडं, पाणी पाऊण तास. तरी कुणी वाचून मेलं नाही. बादल्यांची रांग कुणी लिहून दिली नव्हती, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती. पुढे कळलं की प्राणी कल्याण मंडळानेही २०१५ च्या परिपत्रकात सोसायट्यांना साधारण हेच सुचवलं आहे : पाळीव कुत्र्यांना बागांत सरसकट बंदी घालणं हे दूरदृष्टीचं नव्हे, मालकांशी बोलून सोयीच्या वेळा ठरवा. सेक्रेटरीभाईंनी ते परिपत्रक तीन वेळा वाचलं, कारण त्यात कुठेही दंडाची रक्कम नव्हती.

इथवर मी पाळलेल्या कुत्र्यांचं सांगितलं. पण आमच्या बागेच्या फाटकाशी काळ्या बसतो, त्याचं काय? काळ्याच्या कानाला खाच आहे. म्हणजे शस्त्रक्रिया झाली, लस झाली, रहिवास सिद्ध झाला. तो जन्मभर मोकळाच आहे. त्याला मोकळं सोडावं असा अर्ज कुणी केला नाही, कारण त्याला कुणी बांधलंच नव्हतं. आणि बागेत मात्र त्यालाच मज्जाव. साखळीवाल्यांना साखळी सोडायला बाग हवी. बिनसाखळीवाल्याला फाटकातून आत यायला साखळी हवी. उत्तनहून मासळी घेऊन येणारी आमची मावशी फाटकाजवळ टोपली टेकवते, ती हे सगळं ऐकून म्हणाली, “आमच्याकडे दोरी व्हडीला लागते. कुत्र्याला कोन बांधतंय? तो जाईल कुठं?” हा प्रश्न मी गंभीरपणे सेक्रेटरीभाईंपुढे मांडला. ते म्हणाले, “काळ्या आपला मेंबर नाय ने.”

या काळ्याचं रहिवासाचं सर्टिफिकेट मात्र २०२५ साली एकदम डळमळीत झालं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. देशभर एकच गदारोळ झाला. मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला : शस्त्रक्रिया करा, लस द्या, आणि पिसाळलेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची जिथली तिथे परत सोडा, खायला घालायला ठरावीक जागा करा. मग ७ नोव्हेंबरला पुन्हा आदेश झाला की शाळा-कॉलेजं, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री उचला, निवाऱ्यात न्या आणि त्या जागी परत आणू नका. मी पेपर खाली ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे १८३२ मधला तो कारकून आला, दौतीत टाक बुडवून ‘बाहेर’ असं लिहिणारा.

कुलाब्याची रसद मात्र या वेळी कुणी अडवली नाही.

आमच्यापुरती तोड निघाली ती अशी : सकाळी साडेपाच ते साडेसहा बाग कुत्र्यांची. लसीचा कागद दाखवणाऱ्यालाच प्रवेश, ज्याने त्याने पिशवी आणायची आणि साडेसहाच्या ठोक्याला सगळ्यांच्या साखळ्या परत गळ्यात. आजी सातला येणार. आजींनी एक अट घातली की आधी फाटक लावून घ्यायचं. ती मान्य झाली. फाटकावर वॉचमन वही घेऊन बसेल आणि आत गेलेली कुत्री मोजेल. फलकावर ओळ रंगवली : ‘पट्टा असलेल्या कुत्र्यांनाच प्रवेश’.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम उठून गेलो. अंधार होता. रेल्वेवाले गृहस्थ ऑस्करला घेऊन आले, वॉचमनला कागद दाखवला, आत येऊन वाकले आणि जरा वेळ खटपट करून त्यांनी साखळी सोडली. ऑस्कर जागचा हलला नाही. “पळ,” ते म्हणाले. ऑस्कर त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी चेंडू फेकला. ऑस्करने चेंडूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी ते स्वतःच ट्रॅकवर दहा-बारा पावलं पळून दाखवून आले. ऑस्कर चालत मागोमाग गेला आणि परत आला.

एवढ्यात काळ्या सळयांमधून आत शिरला. चेंडू तोंडात धरून त्याने बागेला तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला ऑस्करला काय वाटलं कोण जाणे, तो उठला आणि त्याच्या मागे सुटला. पस्तीस किलो वजन घसरगुंडीखालून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही.

वॉचमन काठी घेऊन धावत आला. “साब, ये काला किसका है? इसका पट्टा नहीं है।”

रेल्वेवाल्यांच्या हातात ऑस्करची रिकामी साखळी होती. काळ्या धापा टाकत त्यांच्यापाशी चेंडू ठेवायला आला, तेव्हा त्यांनी ती त्याच्या गळ्यात अडकवली. काळ्या एकदम स्तब्ध उभा राहिला, फोटो काढून घेतल्यासारखा. वॉचमनने एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा काळ्याकडे पाहिलं, फाटकाशी परत गेला आणि वहीत पहिल्या दिवसाची नोंद केली : कुत्ते – २.